गोंधळलेल्या मास्तराचं प्रात्यक्षिक

शालिग्राम भोळेला फळा कशासाठी असतो हे आठवेना, तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते आणि समोर बेचाळीस प्राध्यापक बसले होते. हातात खडू होता. पाठीमागे काहीतरी काळं, रुंद, भिंतीला धरून होतं. या खडूचा त्या काळ्याशी संबंध आहे एवढं त्याला कळत होतं, पण काय संबंध ते कळत नव्हतं. 'उदाहरण देताना अध्यापकानं' इथपर्यंत वाक्य आलं होतं आणि त्यापुढे वाक्यच नव्हतं. माणूस रोज काही ना काही विसरतो, चष्मा विसरतो, कुणाचं नाव विसरतो. पण विसरलेल्या गोष्टीची निदान जागा ठाऊक असते. इथे जागाही गेली होती. सभागृहातले दोन्ही कूलर घरघरत होते, वाळ्याचा ओला वास येत होता, आणि तो वास त्याला नको इतका जवळ जाणवत होता. त्यानं खडूकडे पाहिलं. तो घामानं ओला झाला होता. त्यानं तो दुसऱ्या हातात घेतला, परत पहिल्या हातात घेतला. किती वेळ गेला कोण जाणे. मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि त्यासरशी सगळं जागच्या जागी आलं: फळा, खडू, विद्यापीठ, मे महिना, आपण शालिग्राम. त्याची पाचावर धारण बसली. पण सतरा वर्षं वर्गावर काढलेल्या माणसाच्या अंगात एक निलाजरा हजरजबाबीपणा मुरलेला असतो, तो मदतीला धावला. "पाहिलंत?" तो हसून म्हणाला. "मास्तर असा उभा राहिला तर पोरं काय करतील? आत्ता मागे कोण हसलं? हात वर करा. बरोबर केलंत तुम्ही. पोरंही हेच करतील." सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, आणि बेचाळीस पेनं वह्यांवर चालू लागली.

टाळ्यांनी त्याचा जीव भांड्यात पडला, हे मात्र खरं. नवं विद्यापीठ निघून चार-पाच वर्षं झाली होती, शहराबाहेरच्या माळावर इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यातल्याच एका अर्धवट रंगवलेल्या इमारतीत अध्यापक प्रशिक्षण विभाग होता. धुळे-जळगावकडच्या महाविद्यालयांतले प्राध्यापक इथे चार आठवड्यांच्या वर्गाला येत. कसं शिकवावं हे शिकायला प्राध्यापक काही हौसेनं येत नव्हते. हा वर्ग झाल्याशिवाय वरिष्ठ श्रेणी मिळत नसे, म्हणून येत. शालिग्राम मूळचा यावलकडचा, धुळ्याला पदार्थविज्ञान शिकवणारा. त्याला इथे आणलं ते आराखडे करायला. कुठलाही विषय द्या, तो त्याचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडी, प्रत्येक तुकड्याला उद्दिष्ट लावी, उद्दिष्टापुढे निरीक्षणाचं पत्रक जोडी. शिकवणं ही दैवी देणगी वगैरे काही नाही, ते पायऱ्या-पायऱ्यांनी शिकता येतं, यावर त्याची श्रद्धा होती. अशा माणसाच्या पायाखालची पायरीच निघून गेली होती, आणि लोक म्हणत होते, वा, काय पायरी दाखवली!

चहाच्या वेळी धुळ्याचा सुकदेव महाजन, अर्थशास्त्रवाला, त्याचा जुना सोबती, पाठीवर थाप मारत म्हणाला, "अरे भोळे, पुनासर डोळ्यांपुढे उभे केलेस! तीच नजर, तोच खडू!" पुनासर म्हणजे धुळ्याचे त्यांचे विभागप्रमुख. शेवटच्या दोन वर्षांत ते सोमवारी शिकवलेला धडा मंगळवारी शिकवत आणि बुधवारीही तोच शिकवत. मध्येच थांबत. हातातल्या खडूकडे बघत राहत. पोरं बाकं वाजवत, आणि तेव्हा तिशीतला असलेला शालिग्राम स्टाफरूममध्ये त्यांची हुबेहूब नक्कल करी. खडू या हातातून त्या हातात. सुकदेव तर हसून हसून टेबलावर डोकं टेकी. एकदा नक्कल रंगात आलेली असताना पुनासर दारात उभे होते. रागावले नाहीत. आत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कोणाची नक्कल करून राहिले रे?" त्यांना खरंच ओळखता आली नव्हती. तेव्हा सगळे आणखीच हसले होते. आता शालिग्रामनं चहाचा कप न पिताच खिडकीत ठेवला.

विभागाचे संचालक डॉ. निर्मलकुमार छाजेड हे मोठे उत्साही गृहस्थ. घरचं कापडाचं दुकान भावांवर सोडून या शिक्षणशास्त्राच्या नादी लागलेले, मनानं निर्मळ, पण अभिप्रायाच्या पत्रकांवर त्यांचा देवासारखा विश्वास. त्या वर्गाच्या शेवटी बहुतेक सगळ्यांनी लिहिलं होतं: सर्वांत परिणामकारक तास, भोळेसरांचा. छाजेडसाहेबांनी शालिग्रामला बोलावलं आणि सांगितलं, "हे आता दर वर्गात पाहिजे. वेळापत्रकात टाकू. तुम्ही नेहमीसारखा त्याचा आराखडा करून द्या." झालं. शालिग्राम भोळे टेबलाशी बसला आणि आपल्याच पडझडीचा आराखडा करू लागला. पायरी एक: वाक्य अर्ध्यावर सोडणे. पायरी दोन: हातातील वस्तूकडे पाहणे, ती दुसऱ्या हातात घेणे. पायरी तीन: नजर वर्गावरून फिरवणे, परंतु कुणावरही न ठेवणे. लिहिताना त्याला गंमत वाटू लागली, आणि भीतीही जरा कमी झाली. जे कागदावर मांडता येतं ते आपल्या ताब्यात असतं, असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं. निरीक्षकांसाठी सूचना लिहिताना त्याला आठवलं की पुढच्या रांगेतले लोक फार उतावीळ असतात, मध्येच शब्द सुचवतात आणि तासाचा विचका करतात. म्हणून त्यानं लिहिलं: प्रात्यक्षिक चालू असताना निरीक्षकाने बोलू नये, मदत करू नये, केवळ नोंदी कराव्यात. छाजेडसाहेबांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून शेजारी 'उत्तम' लिहिलं.

ऑक्टोबरच्या वर्गात त्यानं ते करून दाखवलं आणि ते पडलं. पायऱ्या चुकल्या नव्हत्या. वाक्य सोडलं, खडू बदलला, नजर फिरवली. पण ते सोंग होतं आणि सोंगासारखं दिसलं. "मेमध्ये जी मजा आली ती नाही आली, भोळेसर," छाजेडसाहेब म्हणाले. "जरा जीव ओता त्यात." शालिग्रामला वाईट वाटायला हवं होतं, पण तो त्या दिवशी विद्यापीठाच्या बसमध्ये गाणं गुणगुणत बसला. सोंग वठलं नाही म्हणजे आपण धडधाकट आहोत. मे महिन्यातलं ते उन्हानं झालं असेल. जळगावच्या उन्हात भलेभले भिरभिरतात. त्यानं मनातल्या मनात, हल्ली रोज म्हणे तसा, एकोणीसचा पाढा म्हटला, धुळ्यातल्या गल्ल्या क्रमानं आठवल्या, प्रत्येक गल्लीतलं एक-एक घर आठवलं. सगळं बिनचूक. पण रोज कोण पाढे म्हणतं? ज्याचा हिशेब लागत नाही तोच. हे लक्षात आलं तेव्हा त्याचं गुणगुणणं थांबलं.

डिसेंबरच्या वर्गात दुसऱ्या पायरीवर त्यानं खडूकडे पाहिलं आणि तिसरी पायरी नव्हती. हे सोंगाच्या आतच झालं, त्यामुळे कुठून सुरू झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. लोक बसले होते. ते आपल्याकडे पाहत होते आणि खाली पाहून काहीतरी करत होते. त्याला वाटलं, आपण कुणाच्या तरी लग्नाला आलो आहोत आणि हे वऱ्हाड आहे. मग वाटलं, आपल्याला इथून जायचं आहे. पण दार कुठलं आणि खिडकी कुठली? त्याला आई पाहिजे होती, सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला, भर सभागृहात. छाजेडसाहेबांनी घंटी वाजवली आणि तो परत आला. तोवर साडेचार मिनिटं झाली होती. एवढ्या टाळ्या त्या विभागात कधी पडल्या नव्हत्या.

व्हरांड्यात चहा चालू होता. यशोदा पाटील नावाची एक बाई कप हातात न घेताच त्याच्याकडे आली. साक्रीकडच्या महाविद्यालयात भूगोल शिकवणारी, चौतिशीची, वर्गात फारशी न बोलणारी. आजूबाजूला बघून तिनं हळूच विचारलं, आणि विचारताना तिची पुस्तकी मराठी गळून पडली.

"सर, तुम्हले खरंच याद उनी नही ना?"

"प्रात्यक्षिक होतं ते, बाई."

"पहिलं थोडं व्हतं. मांगलं नव्हतं." मग ती सावरली, नीट मराठीत बोलू लागली. "आमचे आबा असेच करायचे, सर. विहिरीवर जायचे आणि बादली हातात धरून उभे राहायचे. आम्ही पोरं हसायचो. आम्हले बठ्ठासले, सगळ्यांनाच, वाटे, आबा सोंग करी राह्यना. दोन वर्षं हसलो आम्ही. मग एक दिवस आबा शेतातून घरी आलेच नाहीत, तीन दिवसांनी पार नरडाण्याच्या स्टेशनावर सापडले." ती थांबली. "ते डोळे मी वळखस, सर. डॉक्टरले दखाडा. घरी सांगा कोणाला तरी."

क्षणभर शालिग्रामला इतका आनंद झाला की तिथेच खाली बसावं आणि रडावं. कुणाला तरी दिसलं! इतक्या पेनांमध्ये दोन डोळे होते म्हणायचे. आणि लगेच त्या आनंदाच्या पाठीवर भीती आली. हिला दिसलं म्हणजे हे आहे. आतापर्यंत ते फक्त त्याच्या डोक्यात होतं, आता ते व्हरांड्यात होतं, चहाच्या कपांमध्ये. ही सांगेल. सुकदेवला कळेल. स्टाफरूममध्ये कुणीतरी खडू या हातातून त्या हातात घेईल, आणि आपण दारात उभे असू.

"बाई," तो म्हणाला, आणि आपल्या आवाजातला थंडपणा त्यालाच नवा होता, "तुमचं निरीक्षण कच्चं आहे."

तिनं ते पत्रकावरही लिहिलं होतं. 'हे प्रात्यक्षिक नव्हते. सरांना खरोखर आठवत नव्हते. कुणीतरी उठून त्यांना खुर्ची द्यायला हवी होती.' छाजेडसाहेबांनी ते पत्रक त्याच्यापुढे ठेवलं, दार लोटलं आणि विचारलं, "भोळेसर, खरंच असं काही आहे का? असेल तर मोकळेपणानं सांगा. आपण काहीतरी मार्ग काढू." त्यांनी हे इतक्या आपुलकीनं विचारलं की शालिग्रामच्या जिभेवर शब्द आलाच होता. बाहेर माळावर वारा सुटला होता, मुरमाची धूळ उडत होती. एका वाक्याचा प्रश्न होता. त्यानं ते वाक्य बनवलंही, आणि वाक्य बनवता येतंय म्हणजे आपण ठीक आहोत असं वाटून ते गिळलं. "छे हो, साहेब," तो हसला. "त्या बाईंना सादरीकरण आणि वास्तव यांतला फरकच कळला नाही. निरीक्षण हा आपला मुख्य घटक. 'क' द्यावा लागेल." 'क' म्हणजे पुन्हा चार आठवडे, वरिष्ठ श्रेणी एक वर्ष पुढे. त्यानं स्वतःच्या हातानं 'क' लिहिला आणि सही केली. सही अगदी नेहमीसारखी आली, याचं त्याला समाधान वाटलं. इतका नीच माणूस आपण कधीपासून झालो, हेही त्याला आठवेना.

प्रमाणपत्रं वाटली त्या दिवशी ती रडली नाही, भांडली नाही. सगळे फोटो काढत होते तेव्हा ती वही घेऊन आली. "सर, माझं काय चुकलं ते सांगाल का? पुढच्या वेळी चुकणार नाही." आणि शालिग्रामनं तिला समजावलं, चांगली दहा मिनिटं, पायरी-पायरीनं. निरीक्षकानं दिसतं ते नोंदवायचं, स्वतःच्या मनातलं त्यात घालायचं नाही. घरच्या आठवणी वर्गात आणायच्या नाहीत. समोरच्याची कीव आली की निरीक्षण संपलं. तिनं सगळं उतरवून घेतलं. तो उत्तम समजावून सांगत होता. कुठेही अडखळला नाही.

मग ते विसरणं त्याला घरी गाठू लागलं. मेहरूणला तलावापासून जवळच दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. संध्याकाळी तो तलावावर फेरी मारून येई. फेब्रुवारीत एकदा परतीच्या वाटेवर सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसू लागल्या, आणि तो एका परक्या ओट्यावर चपला काढून बसून राहिला, त्या घरातल्या बाईनं "कोण पाहिजे, भाऊ?" असं तीनदा विचारलं तेव्हा त्याला आपलं नाव सापडलं. दुसऱ्या दिवशी तो ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून भुसावळला गेला, आणि रेल्वे कॉलनीजवळच्या एका डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. आयुष्यभर परीक्षा दिलेला माणूस तो. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे, आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. एका रविवारी जेवायला बसायच्या आधी तो स्वयंपाकघराच्या दारात हातात ताट घेऊन उभा राहिला आणि ते ताट कुठे ठेवायचं असतं हे त्याला कळेना. प्रमिला, त्याची बायको, पोळ्या लाटत होती. तिनं वर पाहिलं आणि खळखळून हसली. "अहो, घरात पण प्रात्यक्षिक करून राहिले का?" तिचं तरी काय चुकलं? टाळ्यांच्या गोष्टी त्यानंच तिला रंगवून सांगितल्या होत्या. नवऱ्याचं कौतुक ती गल्लीभर करत असे. "प्रमिला," तो म्हणाला, "खरंच सांगतो, मला मधूनमधून काही कळत नाही गं. मला भीती वाटते." त्याचा आवाज फाटला. ती लाटणं हातात धरून बघत राहिली, हसू अजून ओठांवर होतं. "बाई गं! डोळ्यांत पाणी पण आणता तुम्ही? म्हणूनच लोकं एवढ्या टाळ्या वाजवतात." आणि तिनं त्याच्या हातातलं ताट घेतलं, त्यात गरम पोळी वाढली.

त्यानंतर तो कुणाला सांगायला गेला नाही. सांगायची जी जी पद्धत त्याला ठाऊक होती ती सगळी त्या आराखड्यात खर्च झाली होती. अडखळलं तर पायरी एक. रडलं तर अभिनय. 'मला आठवत नाही' हे वाक्य तर आता सगळ्या खानदेशातल्या प्राध्यापकांना पाठ होतं, भोळेसरांची लकब म्हणून. जगात एकच माणूस असा होता की ज्याला काही सांगावं लागणार नव्हतं, आणि ती बाई साक्रीकडे भूगोल शिकवत होती. ती मेमध्ये येणार होती. त्यानंच तिला यायला लावलं होतं. या विचारानं त्याला हसू आलं आणि मग तो त्या विचाराला घट्ट धरून बसला. टेबलावरच्या कॅलेंडरवर तो दिवस मोजू लागला. तिला सांगायचं: बाई, तुम्ही बरोबर होता. छाजेडसाहेबांपुढे घेऊन जायचं, तिच्यासमोर सगळं कबूल करायचं, 'क' खोडायचा. मग जे व्हायचं ते होवो. निदान हात धरायला कुणी असेल.

मे महिन्याच्या यादीत तिचं नाव होतं. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिसऱ्या रांगेत बसलेली त्यानं पाहिली, आणि तासाला सुरुवात करायच्या आधी तो मुद्दाम तिच्या बाकापर्यंत गेला. ती उठून उभी राहिली.

"पाटीलबाई, तास झाल्यावर मला भेटा. महत्त्वाचं आहे."

"हो, सर," ती म्हणाली. तिच्यापुढे निरीक्षणाचं पत्रक होतं. त्यावर तिनं नाव, महाविद्यालय, तारीख आधीच सुवाच्य लिहून ठेवली होती.

शालिग्राम फळ्यापाशी गेला. आज सोंग करायचं, साधं, ऑक्टोबरसारखं पडलं तरी चालेल, आणि मग घंटी, आणि मग तिला सांगायचं. त्यानं खडू उचलला. 'उदाहरण देताना अध्यापकानं' एवढं म्हटलं आणि ठरल्याप्रमाणे वाक्य सोडलं. ते वाक्य परत आलं नाही. वास आधी जवळ आला, ओल्या गवताचा, मग ती घरघर, मग ते सगळे चेहरे, आणि त्या चेहऱ्यांमधून एकेक करून ओळख निघून गेली. हातात पांढरं काहीतरी होतं. त्यानं ते टाकून दिलं. ते पडल्याचा आवाज झाला तसे काही जण कौतुकानं हसले, कारण हे नवीन होतं. त्याला कळलं की आपण कुठेतरी फार दूर चुकून आलो आहोत, आणि इथल्या कुणालाच ते ठाऊक नाही. पण नाही, एकीला ठाऊक आहे. तिचं नाव गेलं होतं, तिचं त्याच्याशी काय नातं ते गेलं होतं. एवढंच उरलं होतं की या माणसांत एक बाई आहे आणि तिला माहीत आहे. तो एकेक चेहरा शोधत पुढे आला. बाकाला ठेचकाळला. पुन्हा हसू. तिसऱ्या रांगेत ती होती.

"बाई," तो म्हणाला. त्यानं हात पुढे केला. "मला न्या. मला खरंच कळत नाहीये."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या, दबक्या, तास बिघडू नये म्हणून जपून वाजवलेल्या. त्या बाईनं वर पाहिलं. तिचं पेन थांबलं होतं. तिचे डोळे भरून आले, तिनं ओठ घट्ट मिटले, बाकाच्या कडेवर ठेवलेला तिचा डावा हात उठू लागला. शालिग्राम तिच्याकडे बघत तसाच उभा होता, पुढे केलेला हात घेऊन, आणि आता हे संपणार म्हणून त्याचा सगळा जीव त्या हातात आला होता. तिनं शेजारच्यांकडे पाहिलं. ते लिहीत होते. तिनं डावा हात परत खाली ठेवला, डोळे पदरानं पुसले, आणि मान खाली घालून, एकही गोष्ट सुटू नये अशा काळजीनं, तीही लिहू लागली.